गूढ, गुह्य, रहस्य आणि गूज: अर्थ आणि मूळ यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अध्यात्मातल्या 'गूढ' या शब्दाबद्दल आणि त्याच्या गोतावळ्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. आधी अर्थ आणि व्युत्पत्ती, मग ग्रंथांतला वापर, शेवटी लिहिताना होणाऱ्या चुका आणि अपवाद, असा क्रम आहे. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'गूढ' म्हणजे नेमके काय? 'न कळणारे' हाच अर्थ ना?

शब्दशः अर्थ 'झाकलेले'. वस्तू आहे, जागच्या जागी आहे, पण तिच्यावर काहीतरी पांघरलेले आहे. 'न कळणारे' हा त्या झाकण्याचा परिणाम झाला. जे मुळातच कळू शकत नाही त्याच्यासाठी आपल्याकडे वेगळे शब्द आहेत: अगम्य, अज्ञेय, अतर्क्य. अगम्यापाशी वाट संपते. गूढापाशी पांघरूण काढायचे तेवढे राहिलेले असते.

हा फरक किरकोळ नाही. 'आत्मा गूढ आहे' याचा अर्थ पुष्कळ जण 'आत्म्याबद्दल काही सांगता येत नाही, सोडून द्या' असा लावतात. उपनिषदांना तो अभिप्रेत नाही (प्रश्न ८).

मराठीत 'गूढ' विशेषणही आहे (गूढ हास्य) आणि नपुंसकलिंगी नामही (त्या घटनेचे गूढ).

२. हा शब्द कोणत्या धातूपासून आला?

'गुह्' या धातूपासून. पाणिनीय धातुपाठात त्याची नोंद 'गुहू संवरणे' अशी आहे. संवरण म्हणजे झाकणे. गूढ म्हणजे झाकलेले, गुह्य म्हणजे झाकण्याजोगे, गुहा म्हणजे झाकून घेणारी जागा, निगूढ म्हणजे आत खोल झाकलेले. कार्तिकेयाचे 'गुह' हे नावही याच धातूचे मानतात. संस्कृत काव्यात 'उपगूहन' म्हणजे चक्क आलिंगन. एकाने दुसऱ्याला अंगाने झाकून घेणे, एवढाच त्यातला मूळ अर्थ.

या धातूचे भाऊबंद इराणी भाषांत आहेत. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथाच्या भाषेत, 'गुझ्' म्हणजे लपवणे. जुन्या फारसीत तेच 'गौद्' होते. इ. स. पू. ५२० च्या सुमाराच्या, इराणचा सम्राट पहिला दारयवहू (डरायस) याच्या बेहिस्तून शिलालेखात 'मा अपगौदय' असे शब्द आहेत, अर्थ 'लपवू नकोस'. राजा सांगतो आहे की हे लोकांपासून दडवू नकोस. गूढाच्या घराण्यातला एक नातलग दगडावर कोरला गेला तो असा, लपवायला मनाई करताना.

३. गुह् ला 'त' प्रत्यय लावला तर 'गुह्त' व्हायला हवे. 'गूढ' कसे झाले?

संस्कृत व्याकरणातला हा सुबक हिशेब आहे. पाच पायऱ्या:

गुह् + त. पहिल्या पायरीला 'त' समोर आल्यामुळे ह् चा ढ् होतो (पाणिनीच्या अष्टाध्यायीतले सूत्र ८.२.३१): गुढ् + त.
दुसरी, घोष महाप्राणाच्या (घ्, ढ्, ध्, भ् यांसारख्या वर्णाच्या) मागोमाग आलेल्या त चा ध होतो (८.२.४०): गुढ् + ध.
तिसरी, ढ् च्या शेजारामुळे ध चाही ढ होतो (८.४.४१): गुढ् + ढ.
चौथी, ढ पुढे असताना आधीचा ढ् गळतो (८.३.१३): गु + ढ.
पाचवी, गळालेल्या ढ् ची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबतो (६.३.१११): गूढ.

म्हणजे 'गू' मधला दीर्घ ऊ ही गेलेल्या अक्षराची खूण आहे. 'गुह्य' मध्ये काहीच गळालेले नाही, म्हणून तिथला उ ऱ्हस्व राहिला. याच वाटेने रुह् चे रूढ झाले, लिह् चे लीढ आणि मुह् चे मूढ. मुह् ला व्याकरणाने आणखी एक वाट मोकळी ठेवली आहे. त्या वाटेने गेले की 'मुग्ध' होते. मूढ आणि मुग्ध हे एकाच धातूचे एकाच प्रत्ययाचे जुळे आहेत, हे सांगितल्यावर बहुतेकांना गंमत वाटते.

४. 'गूढ' लिहायचे की 'गुढ'? आणि 'गूढाचा' की 'गुढाचा'?

गूढ आणि गूढाचा. दोन्हीकडे दीर्घ.

घोटाळा होतो तो सामान्यरूपात. मूळ, फूल, दूध या मराठी शब्दांत उपान्त्य ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व होतो: मुळाचा, फुलाचा, दुधाचा. त्याच चालीवर हात 'गुढाचा' लिहून जातो. पण साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांत याला अपवाद आहे: दीर्घ उपान्त्य असलेल्या तत्सम शब्दाचा स्वर सामान्यरूपातही दीर्घच राहतो. म्हणून सूत्राचा, शरीराचा, गूढाचा. गूढता, गूढकथा, गूढवाद यांतही दीर्घच.

'गूज' मात्र तद्भव आहे, त्याला मराठी नियम लागतो: गूज, पण गुजाचा, गुजगोष्टी. 'हितगुज' दोन्ही तऱ्हांनी छापलेले दिसते. नियमाला धरून 'हितगूज', पण डोळ्यांना सवय ऱ्हस्वाची आहे.

आणि पाडव्याची गुढी हा वेगळाच शब्द आहे. तिचा गूढाशी संबंध नाही. ती तर उंच काठीवर सगळ्यांना दिसावी म्हणून उभारतात.

५. गूढ, गुह्य, रहस्य, गुप्त, गुपित, मर्म, कूट… सगळे एकच नाहीत का?

नाहीत. कोशातल्या व्याख्या पाठ करण्यापेक्षा प्रत्येकाबरोबर मराठीत कोणते क्रियापद येते ते पाहावे. गूढ *उकलते*. रहस्य *उलगडते*. गुपित *फुटते*. गूज *सांगतात*, तेही जवळच्या माणसाला. मर्म *कळते*. वर्मावर *बोट ठेवतात*. कूट *सुटते*.

क्रियापद शब्दामागचे चित्र दाखवते. रहस्य घडी घातलेल्या कापडासारखे असते, पदर उलगडत न्यायचे. गुपित भांड्यासारखे असते, एकदा फुटले की संपले. मर्म म्हणजे शरीरातले नाजूक ठिकाण, घाव लागला तर जीव जाईल असे. त्यावरून 'गाभा' हा अर्थ आला. 'वर्म' मराठीत याच अर्थाने चालते, पण संस्कृतात वर्म म्हणजे चिलखत, अगदी उलट. जुने श्लोक वाचताना हे ध्यानात ठेवावे.

'गुप्त' चे घराणे निराळे. तो 'गुप्' धातूचा आहे आणि गुप् म्हणजे रक्षण करणे. भाषाभ्यासक हा धातूच 'गोप' म्हणजे गाई राखणारा या शब्दावरून मागाहून घडला असे मानतात. गुप्त म्हणजे राखलेले. मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात तेव्हा शब्दाच्या मुळाशी जाऊन ते गुराख्याचेच काम पत्करत असतात. कूट म्हणजे मुद्दाम रचलेला पेच (प्रश्न १३).

आणि 'गौडबंगाल' या सगळ्यांत बसत नाही. त्यात अध्यात्म नाही, संशय आहे.

६. मग 'रहस्य' कुठून आले?

'रहस्' म्हणजे एकांत, माणसे नसलेली जागा. त्यावरून रहस्य म्हणजे एकांतातले, चारचौघांत न बोलण्याजोगे. अमरकोश हा जुना संस्कृत कोश हे तीन शब्दांत सांगतो: 'रहस्यं तद्भवे त्रिषु', म्हणजे रहस्य हा शब्द 'रहस् मधले' या अर्थी तिन्ही लिंगांत चालतो. रहस् चा संबंध 'रह्' म्हणजे सोडणे या धातूशी लावतात. रहित आणि विरह हे त्याच धातूचे.

गूढात *झाकण* आहे, रहस्यात *जागा* आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याला 'रहसि स्थितः' राहायला सांगितले आहे (६.१०). तिथे रहस् चा अर्थ निव्वळ एकांत एवढाच, कोणतेही गुपित नाही.

पुढे रहस्याला 'सार, इंगित' असा अर्थ जोडला गेला. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये छापलेल्या ग्रंथाच्या नावातले 'गीतारहस्य' ते हेच. दडवलेली गीता असा त्याचा अर्थ नव्हे. गीतेचे खरे तात्पर्य कोणते, हा प्रश्न आहे.

७. 'गूज' हा खरोखर 'गुह्य' चाच अपभ्रंश आहे का?

होय, आणि वाट अगदी स्पष्ट आहे: गुह्य, प्राकृतात गुज्झ, मराठीत गूज. संस्कृत 'ह्य' आणि 'ध्य' यांचा प्राकृतात झ होतो. हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या प्राकृत व्याकरणात हा नियम नोंदवला आहे. आपल्या रोजच्या बोलण्यात त्याचे पुरावे पडलेले आहेत: मह्यम् चे मज्झ आणि त्यातून 'मज', 'माझा', संध्या ची सांज, मध्य चे मज्झ आणि त्यातून माजघरातले 'माज', वन्ध्या ची वांझ.

अर्थाचा प्रवास अधिक लोभस आहे. गुह्य हा शब्द दार लावून घेतो. गूज मात्र दार उघडून आत बोलावते. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला जे सांगणार आहे त्याला 'अंतःकरणींचें गुज' म्हटले आहे. मूळ गीतेत त्या ठिकाणी 'गुह्यतमं' आहे. शब्द व्युत्पत्तीने तोच, पण एक गुरूच्या आसनावरून येतो आणि दुसरा मित्राच्या खांद्यावर हात ठेवून.

'कुजबुज' चा याच्याशी संबंध नाही, तो आवाजावरून झालेला शब्द आहे.

८. उपनिषदांत 'गूढ' कुठे येतो? आणि आत्मा 'गुहेत' आहे म्हणजे कुठे?

कठोपनिषदात गूढ आणि गुहा एकाच ओळीत भेटतात: 'तं दुर्दर्शं गूढमनुप्रविष्टं गुहाहितं गह्वरेष्ठं पुराणम्' (१.२.१२). दिसायला कठीण, झाकलेला, आत शिरलेला, गुहेत ठेवलेला. श्वेताश्वतरात 'एको देवः सर्वभूतेषु गूढः' (६.११) आहे. तैत्तिरीयात ब्रह्म 'निहितं गुहायाम्' (२.१).

ही गुहा हिमालयातली नव्हे. शंकराचार्यांनी तैत्तिरीयावरच्या भाष्यात थेट धातूवरूनच अर्थ काढला आहे: झाकणे या अर्थाच्या 'गूह्' वरून गुहा, कारण ज्ञान, ज्ञेय आणि ज्ञाता हे पदार्थ तिच्यात निगूढ आहेत, म्हणून गुहा म्हणजे बुद्धी. याचा अर्थ झाकणारी जागा आणि जिने पाहायचे ती जागा एकच.

प्रश्न १ मध्ये जो फरक सांगितला त्याचा उत्तम दाखला कठ १.३.१२ मध्ये आहे. पहिला अर्धा म्हणतो, हा सर्व भूतांत गूढ असलेला आत्मा 'न प्रकाशते'. बहुतेक जण इथेच थांबतात आणि हेच वाक्य उद्धृत करतात. दुसरा अर्धा म्हणतो, 'दृश्यते त्वग्र्यया बुद्ध्या', पण टोकदार बुद्धीने *दिसतो*. अर्धा श्लोक गाळल्यामुळे गूढाचे अगम्य होते. सर्वात जास्त होणारी चूक हीच.

याहून जुना वापर ऋग्वेदात आहे. वाणीची चार पदे सांगून तिथे म्हटले आहे: 'गुहा त्रीणि निहिता नेङ्गयन्ति तुरीयं वाचो मनुष्या वदन्ति' (१.१६४.४५). तीन पदे गुप्त जागी ठेवलेली आहेत, ती हलत नाहीत. माणसे बोलतात ते चौथे. पुढच्या परंपरेने या चारांना परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी ही नावे लावली. आपल्या संतवाङ्मयातल्या 'चारी वाचा' त्याच.

९. 'उपनिषद' शब्दाचाच अर्थ रहस्य असा होतो का? शाळेत तर 'गुरूजवळ बसणे' शिकवले होते.

दोन्ही जुने आहेत. 'उप + नि + सद्' म्हणजे जवळ खाली बसणे ही फोड व्याकरणाने सरळ आहे. वापरात मात्र शब्द 'रहस्य' या अर्थी येतो. अमरकोशाने 'धर्मे रहस्युपनिषत्' असा अर्थ दिला आहे. शंकराचार्यांनी कठभाष्यात सद् धातूचे विशरण, गती आणि अवसादन हे तिन्ही अर्थ घेऊन, जी विद्या अविद्येला मोडते, ब्रह्माकडे नेते आणि संसाराची गाठ सैल करते ती उपनिषद, असे सांगितले. ग्रंथाला उपनिषद म्हणणे हा मागाहूनचा, लाक्षणिक वापर.

परीक्षेत 'जवळ बसणे' लिहिले तर चूक नाही. पण तेवढाच अर्थ धरून केनोपनिषदातले 'उपनिषदं भो ब्रूहि' (४.७) लावायला गेलात तर वाक्य अडते. तिथे शिष्य 'मला ते रहस्य सांगा' असे म्हणतो आहे.

१०. गीतेत गुह्य, गुह्यतर, गुह्यतम असे येते. ही तीन वेगवेगळी गुपिते आहेत का?

व्याकरणाने ती साधी चढती भाजणी आहे: गुह्य, त्याहून गुह्य, सर्वांत गुह्य. नवव्या अध्यायाच्या आरंभी 'गुह्यतमं' (९.१) आणि 'राजगुह्यं' (९.२), पंधराव्याच्या शेवटी 'गुह्यतमं शास्त्रम्' (१५.२०), अठराव्यात 'गुह्याद्गुह्यतरं' (१८.६३) आणि लगेच पुढे 'सर्वगुह्यतमं' (१८.६४).

आता एक गोष्ट पोथी उघडून स्वतः पाहावी. १८.६४ मध्ये कृष्ण म्हणतो, सर्वांत गुह्य असे माझे वचन पुन्हा ऐक. मूळ शब्द 'भूयः' आहे, पुन्हा. पुढचा श्लोक 'मन्मना भव मद्भक्तो मद्याजी मां नमस्कुरु' (१८.६५). हा अर्धा श्लोक ९.३४ मध्ये जसाच्या तसा येऊन गेला आहे! नऊ अध्यायांपूर्वी रणांगणावर उघड बोललेले वाक्यच सर्वांत मोठे गुह्य ठरते. माहिती म्हणून त्यात नवे काही नाही. ऐकणारा आता जिथे पोचला आहे ते नवे आहे.

११. गुह्य सांगू नये म्हणतात. अथर्वशीर्षात तर 'अशिष्याय न देयम्' स्पष्ट लिहिले आहे. मग लाउडस्पीकरवर म्हटलेले चालते का?

अथर्वशीर्षाच्या शेवटी 'इदमथर्वशीर्षमशिष्याय न देयम्' आहे आणि जो मोहाने देईल तो 'पापीयान् भवति' असेही आहे. त्याच वेळी पुण्यात गणेशोत्सवात ऋषिपंचमीच्या पहाटे हजारो महिला ते एकत्र म्हणतात. विसंगती खरी आहे का?

वाक्य नीट वाचले तर बंदी ऐकवण्यावर नाही, *देण्यावर* आहे, आणि अट 'शिष्य' असण्याची आहे. शिष्य म्हणजे ज्याला शिकवता येते, जो शिकायला तयार आहे. श्वेताश्वतरातही (६.२२) असेच: हे परम गुह्य अशांत माणसाला, पुत्र वा शिष्य नसलेल्याला देऊ नये. गीतेने चार जण वगळले आहेत (१८.६७): तप नसलेला, भक्ती नसलेला, ऐकायची इच्छा नसलेला आणि दोष शोधणारा. लगेच पुढच्याच श्लोकात भक्तांना हे गुह्य *सांगणाऱ्याची* स्तुती आहे. म्हणजे कुलूप आहे, पण किल्ली ऐकणाऱ्याच्या हातात आहे.

काही संप्रदायांत विशिष्ट मंत्र दीक्षेशिवाय उच्चारत नाहीत. तो त्या त्या परंपरेचा नियम आहे आणि तिथे तो पाळावा. सर्वच स्तोत्रांना तो लावू नये.

१२. कानातच का सांगतात? 'कानमंत्र' आणि 'षट्कर्णी' म्हणजे काय?

मुंजीत गायत्रीचा उपदेश होतो तेव्हा बटू आणि वडील यांच्या अंगावरून शेला किंवा उपरणे पांघरतात आणि त्या आडोशात मंत्र बटूच्या कानात सांगतात. बाहेर बसलेल्या सगळ्यांना तो मंत्र पाठ असतो! तरीही पांघरूण घालतात. 'गुह्' धातूचा मूळ अर्थ, झाकणे, इथे कापडाने करून दाखवलेला दिसतो. झाकायची असते ती सांगण्याची घटना, शब्द नव्हेत.

'षट्कर्णी होणे' हे 'षट्कर्णो भिद्यते मन्त्रः' या वचनावरून आले. दोन माणसांचे कान चार. तिसरा आला की सहा, आणि मसलत फुटली. इथे मंत्र म्हणजे राजकारणातला सल्ला. हे वचन अध्यात्माला लावू नये.

ज्ञानेश्वरीच्या अखेरीस परंपरा सांगताना हीच कल्पना येते: 'क्षीरसिंधु परिसरीं। शक्तीच्या कर्णकुहरीं। नेणों कैं श्रीत्रिपुरारीं। सांगितलें जें।।' कुहर म्हणजे पोकळी, विवर. शिवाने पार्वतीच्या कानाच्या त्या विवरात सांगितले आणि माशाच्या पोटात असलेल्या मत्स्येंद्राने ते ऐकले. कान सहा झाले, आणि त्यातूनच मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि ज्ञानदेव अशी परंपरा चालू झाली.

१३. ज्ञानेश्वरांनी गुह्य उघडे केले असे म्हणतात. नेमके कुठे? आणि कूट अभंगांचे काय?

सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे वर्णन करताना. ओवी अशी: 'पिंडें पिंडाचा ग्रासु। तो हा नाथसंकेतींचा दंशु। परि दाऊनि गेला उद्देशु। श्रीमहाविष्णु।।' पिंडाने पिंड गिळण्याची ही गोष्ट नाथपंथाच्या सांकेतिक बोलीतले वर्म आहे आणि गीतेत कृष्णाने तिचा नुसता इशारा केला आहे. मग पुढची ओवी: 'तया ध्वनिताचें केणें सोडुनी। यथार्थाची घडी झाडुनी। उपलविली म्यां जाणुनी। ग्राहीक श्रोते।।'

एकेक शब्द पाहण्यासारखा आहे. केणें म्हणजे विक्रीचा माल, त्याचे गाठोडे. 'ध्वनित' म्हणजे नुसते सुचवलेले. त्या सुचवलेल्याचे गाठोडे सोडले, अर्थाची घडी झाडली आणि उपलविली, म्हणजे उलगडून पसरून दाखवली. कारण श्रोते गिऱ्हाईक आहेत हे ओळखले. बाजारपेठेतला कापडवाला ठाण उलगडून दाखवतो ते हुबेहूब चित्र. अनोळखी वाटसरूसाठी कोणी घडी मोडत नाही. गिऱ्हाईक दिसले की मोडतो. प्रश्न ११ मधली 'शिष्य' ही अट इथे पेठेच्या भाषेत आली आहे. १२९० मध्ये (शके १२१२) ही घडी संस्कृतातून मराठीत मोडली गेली.

कूट अभंग उलट दिशेने जातात. ते साध्या मराठीत बोलतात आणि मुद्दाम झाकतात. ज्ञानदेवांच्या नावावर असलेला 'कांट्याच्या अणीवर वसले तीन गाव। दोन ओसाड एक वसेचिना' सर्वांना माहीत आहे. प्रत्येक ओळ स्वतःलाच पुसते: जे वसलेच नाही तिथे तीन कुंभार येतात, दोन थोटे आणि तिसऱ्याला घडवता येत नाही. तीन गाव म्हणजे तीन गुण की तीन अवस्था, यावर टीकाकारांचे एकमत नाही, आणि कोणी 'एकमेव खरा अर्थ' म्हणून सांगत असेल तर सावध राहावे.

जाता जाता: उपवासाच्या खिचडीतले दाण्याचे कूट कुटण्यातून आलेले आहे. ते कूटप्रश्नातले कूट नव्हे.

१४. गुरु, गुहा, गूढ, गुह्य: सगळ्यांत 'गु' आहे. 'गु' म्हणजे अंधार हे खरे ना?

'गु म्हणजे अंधार, रु म्हणजे तो दूर करणारा' ही गुरु शब्दाची फोड परंपरेत प्रसिद्ध आहे. ती ध्यानासाठी आहे, व्युत्पत्ती म्हणून टिकत नाही. गुरु चा मूळ अर्थ जड, वजनदार. लॅटिन 'ग्राविस' आणि ग्रीक 'बारुस' हे त्याचे सख्खे. 'लघु-गुरु' मध्ये तो अर्थ अजून शाबूत आहे. गूढ-गुहेशी त्याचे नाते नाही.

अशा फोडींना हसूही नये. उपनिषदे स्वतः त्या करतात. ऐतरेयात 'इदंद्र' वरून इंद्र असे सांगून वर पुस्ती जोडली आहे: 'परोक्षप्रिया इव हि देवाः' (१.३.१४), देवांना आडून बोललेले आवडते. फक्त अशी फोड आणि भाषाशास्त्रीय व्युत्पत्ती एका खात्यात टाकू नयेत.

१५. इंग्रजी 'मिस्टरी' आणि आपले 'गूढ' एकच का? 'गूढवाद' हा शब्द कुठला?

'मिस्टरी' ग्रीक 'म्युस्तेरिओन' वरून आला. त्याच्या मुळाशी डोळे किंवा ओठ मिटणे या अर्थाचे क्रियापद मानतात. अथेन्सजवळच्या एल्युसिसला देमेतर देवीचे दीक्षाविधी होत, त्यांना हे नाव होते. दीक्षा घेतलेल्याने आत पाहिलेले बाहेर बोलायचे नाही. इ. स. पू. ४१५ मध्ये या विधींची नक्कल केल्याच्या आरोपावरून अल्किबियादीस या सेनापतीला त्याच्या गैरहजेरीत मृत्युदंड ठोठावला गेला, इतके हे कडक.

फरक असा: ग्रीक शब्दात *माणूस* मिटतो, गूढात *वस्तू* झाकलेली असते. ग्रीक कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारे आपल्याकडचे वचन 'मौनं चैवास्मि गुह्यानाम्' (गीता १०.३८) हे म्हणता येईल.

ख्रिस्ती प्रार्थनेत हाच ग्रीक शब्द आला. मराठी कॅथलिक जपमाळेत येशू आणि मरियेच्या जीवनातल्या प्रसंगांना 'रहस्ये' म्हणतात. गोव्याच्या कोकणीत पोर्तुगीजवरून 'मिस्तेर'. ही रहस्ये पूर्वी १५ होती, २००२ पासून २० आहेत. इथे रहस्य म्हणजे गुपित नव्हे, ज्यावर मनन करायचे तो प्रसंग.

'मिस्टिसिझम' साठी मराठीने गूढवाद घेतला, हिंदीने रहस्यवाद. केशवसुतांच्या 'झपूर्झा' सारख्या कवितांच्या चर्चेत 'गूढगुंजन' असाही शब्द चालला. गुरुदेव रा. द. रानडे यांनी महाराष्ट्रातल्या संतांवर १९३३ मध्ये इंग्रजी ग्रंथ लिहिला तेव्हा नावात 'मिस्टिसिझम' घातले. पण संतांचा स्वतःचा शब्द 'अनुभव' किंवा 'साक्षात्कार' आहे. तुकोबांना गूढवादी म्हणावे का? म्हणता येईल, पण शब्द परका आहे याची जाण ठेवून.

१६. लेखात 'गुह्य' वापरला तर लोक हसतात. का?

कारण गुह्य चा दुसरा अर्थ शरीराचा झाकायचा भाग असा आहे. गुह्यांग, गुह्येंद्रिय, गुह्यरोग हे शब्द त्यातून आले. संस्कृतातही हा अर्थ जुनाच आहे, मराठीने बिघडवलेला नाही. 'गुह्य ज्ञान', 'गुह्य विद्या' चालते. 'त्यांच्या गुह्याबद्दल' असे नुसते नाम म्हणून लिहिले की घात होतो. तिथे रहस्य किंवा गूज घ्यावे. वर्तमानपत्री मजकुरात 'गूढ' सर्वांत निर्धोक.

'गुय्ह' असे लिहू नये. मराठी जीभ 'ह्य' चा उच्चार 'य्ह' असा करते, पण लेखन 'गुह्य'.

१७. रहस्यकथा आणि गूढकथा यांत फरक आहे का?

आहे, आणि शब्दांच्या मुळाला धरून आहे. रहस्यकथेत शेवटी उलगडा व्हावाच लागतो, नाहीतर वाचक चिडतो. गूढकथेत पांघरूण थोडे हलते आणि पुन्हा पडते. उलगडा झालाच पाहिजे असे नाही.

१८. 'गहन' आणि 'गूढ' एकमेकांच्या जागी चालतात का?

क्वचित. गहन म्हणजे दाट, खोल, शिरायला अवघड. रानाला लावतात तो शब्द. 'गहना कर्मणो गतिः' (गीता ४.१७) मध्ये कर्म झाकलेले नाही, गुंतागुंतीचे आहे. अवघड गणित गहन असते, गूढ नसते.

१९. असे शब्द कोशात शोधायचे कसे? 'गूढ' लवकर सापडत नाही.

संस्कृत कोशात दोन ठिकाणी पाहावे: 'गूढ' खाली आणि 'गुह्' धातूखाली. धातुसाधिते पुष्कळदा धातूच्या नोंदीत जातात. त्यात उपसर्ग असेल (निगूढ, उपगूढ) तर तो काढून धातू गाठायचा. ढ शेवटी असलेला आणि त्याआधी दीर्घ स्वर असलेला शब्द दिसला की हकारान्त धातूचा संशय घ्यावा: रूढ म्हणजे रुह्, गाढ म्हणजे गाह्, मूढ म्हणजे मुह्. प्रौढ मध्ये एक जादा पायरी आहे, प्र + ऊढ, आणि ऊढ हा वह् चा.

मराठी शब्दासाठी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश घ्यावा. 'गूज' नाही सापडला तर 'गुज' पाहावा, जुन्या पोथ्यांत ऱ्हस्व-दीर्घ आजच्या नियमाने नसते. ज्ञानेश्वरीतल्या शब्दाला मागचा उकार (ग्रासु, दंशु, उद्देशु) असेल तर तो काढून मग शोधावे.